मृत्यूचे ठिकाण : साधी बस

माणसानं नेहमी खरं बोलावं, पण घाटावर जरा बेतानं बोलावं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

मी वजनमापे निरीक्षक होतो. किराणा दुकानातली वजनं, भाजीवाल्यांचे तराजू, पेट्रोल पंपावरचं पाच लिटरचं माप, हे सगळं तपासायचं आणि बरोबर असेल तर शिक्का मारायचा, हे माझं काम. बरोबर नसेल तर काय करायचं, ते दुकानदारांना विचारा. अशा नोकरीत माणसाला खोड लागते. स्वेच्छानिवृत्ती घेऊन चार वर्षं झाली, तरी मी लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या वाटीतला रस्सा आणि माझ्या वाटीतला रस्सा डोळ्यांनी मोजतो. माझी बायको मला बाजारात नेत नाही. म्हणते, "तुमच्यासंग भाजी घ्याले जाणं म्हणजे धाड टाकाले जाणं."

बाबा गेले ते संक्रांतीनंतरच्या आठवड्यात. आई-बाबा उमरेडला राहायचे. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत हातमाग. बाबांनी उभं आयुष्य त्या मागावर काढलं आणि आईनं त्यांच्या शेजारी बसून सुताच्या कांड्या भरण्यात. मागाची खटखट सुरू असायची आणि आई तिच्यावरून बोलत असायची. बाबा काही बोलायचे नाहीत. पुढे माग बंद पडला, खटखट थांबली, पण पद्धत तीच राहिली. आई बोलायची आणि बाबा ऐकायचे. कधी ऐकतही नसत, पण आईचं त्यावाचून अडत नसे.

त्या दिवशी बाबांचे डोळे तपासायचे होते, म्हणून दोघं नागपूरला माझ्याकडे येणार होते. मी म्हटलं, कार घेऊन येतो. आई फोनवर म्हणाली, "त्यायले एसटी फुकट आहे, मले अर्धं तिकीट. पेट्रोल काहून जाळतो? तू फक्त स्टँडवर उभा राहजो." बाबा पंच्याहत्तरीच्या पुढचे, त्यामुळे सरकारच त्यांना फिरवत होतं. मी म्हटलं, "उभा राहतो."

बस आली, माणसं उतरली, गठुडी उतरली, एक सायकलही उतरली. आई-बाबा काही उतरले नाहीत. मी आत चढलो. खिडकीपाशी बाबा बसलेले, त्यांचं डोकं आईच्या खांद्यावर. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबू, हे उठून नाही राहिले."

कंडक्टरनं आणि मी मिळून बाबांना उतरवलं, कारमध्ये घेतलं आणि घरी आणलं. आमचे नेहमीचे डॉक्टर आले. त्यांनी तपासलं, हृदय थांबल्याचं कागदावर लिहून दिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाबांची उजवी मूठ घट्ट होती. आईनं एकेक बोट सोडवून आतलं काहीतरी काढलं आणि पदराला गाठ मारली. सुपारी असेल म्हणून मी विचारलं नाही. मी, ज्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या मुठी उघडून पाहिल्या, त्यानं तेवढी एक पाहिली नाही.

आता घाट. सरण रचलं जात होतं आणि नोंदणीचा कारकून टेबलाशी बसून रजिस्टर भरत होता. नाव सांगितलं, वय सांगितलं, पत्ता सांगितला. मग त्यानं विचारलं, "मृत्यूचं ठिकाण?" आमचे जावईबापू, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, शहाणे. ते "राहत्या घ..." म्हणेपर्यंत मी बोलून गेलो, "बसमध्ये."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "कोणत्या बसमध्ये?"

"उमरेड-नागपूर. साधी."

साधी की निमआराम, हा त्याचा प्रश्न नव्हता, पण खोड. त्यानं जावईबापूंकडे पाहिलं. जावईबापूंनी आभाळाकडे पाहिलं. दहनाची पावती मिळाली, पण ठिकाणाचा रकाना मोकळा राहिला आणि "झोन ऑफिसमध्ये जाऊन पाहा" असं सांगण्यात आलं. परत येताना गाडीत जावईबापू एवढंच म्हणाले, "भाऊ, तुमच्या बाबांचं वजन कोणी कमी केलं असतं का?"

तेरवीला आमच्या घरी नातेवाईक जमले. तेरवीचं जेवण झालं की मागे राहिलेल्या बाईचं काय करायचं, हे तिच्यासमोर पण तिला न विचारता ठरवायची आपल्याकडे रीत आहे. मी आणि बहिणीनं आधीच ठरवलं होतं की आईनं सहा महिने माझ्याकडे, सहा महिने तिच्याकडे राहायचं आणि उमरेडचं घर भाड्यानं द्यायचं. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई एकटी कशी राहील? रात्री-अपरात्री काही झालं तर तिच्याजवळ कोण? मी हे छान मुद्देसूद मांडलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आईनं पानावरचा वडा संपवला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "आधी घर माह्या नावानं करा. मंग मी सांगतो का करायचं ते."

आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया रागावल्या की 'सांगतो' म्हणतात. मग त्यांच्यापुढे कुणाचं चालत नाही. मी सगळ्यांदेखत कबूल केलं की घर तिच्या नावावर होईल आणि मग ती म्हणेल तसं. घर नावावर चढवायला नगर परिषदेत बाबांचा मृत्यूचा दाखला लागत होता. म्हणजे आईचं पुढचं सगळं आयुष्य माझ्या त्या एका मोकळ्या रकान्यात अडकलं होतं.

तेव्हापासून आईची पिशवी आमच्या दाराशी भरून ठेवलेली असायची. उमरेडच्या घराची किल्ली तिच्या कमरेला. ती आमच्या फ्लॅटमध्ये पाहुणीसारखी खुर्चीच्या कडेवर बसायची. लिफ्टमध्ये चढताना डोळे मिटायची. रोज सकाळी चहाबरोबर एकच प्रश्न, "कागद झाला का गा?"

एक कबुली देऊन टाकतो. मी धावपळ केली ती प्रामाणिकपणे केली, पण कुठल्याही ऑफिसातून हात हलवत परत आलो की आतून थोडं बरंच वाटायचं. आई आणखी एक दिवस राहणार होती. तराजूखाली लोहचुंबक लावणाऱ्यांना मी आयुष्यभर दंड केला, आणि इथं तसंच काहीतरी माझ्या पोटात होतं.

झोन ऑफिसच्या खिडकीत एक मॅडम होत्या. चष्मा साखळीला, बोलणं मोजकं. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि म्हणाल्या, "मृत्यू आमच्या हद्दीत झाला, याला आधार काय? बसले उमरेडला, तर उमरेडला जा." मी उमरेडला गेलो. तिथले साहेब म्हणाले, "काका, ते तं इथून चालत गेले न बाप्पा. जितं माणूस गेलं आमच्याइथून. आम्ही कसा दाखला देणार?" त्यांचंही बरोबर होतं. बाबा स्वतःच्या पायांनी बसमध्ये चढले होते.

परत झोन ऑफिस. "उमरेडचं म्हणणं आहे की त्यांच्या हद्दीत ते जिवंत होते," मी सांगितलं. मॅडमनी चष्मा लावला, कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं आणि बराच वेळ पानं चाळली. माझ्यामागे रांग कुरकुरत होती, पण मला त्या बाईंबद्दल एकदम आदर वाटला. नियम काढून वाचणारं माणूस मला फार दिवसांनी भेटत होतं.

"आहे," त्या म्हणाल्या. "चालत्या वाहनात मृत्यू झाला तर वाहन नंतर पहिल्यांदा जिथं थांबलं, तिथं नोंद. आणि खबर द्यायची ती वाहन ज्याच्या ताब्यात असेल त्यानं."

"म्हणजे कंडक्टरनं?"

"म्हणजे तुम्ही आधी हे सांगा, की गेले कुठं आणि त्यानंतर गाडी थांबली कुठं. आणि एकवीस दिवसांच्या आत सांगा. नंतर मग शपथपत्र, परवानगी, वरच्या साहेबांची सही. सोळावा दिवस आहे ना आज?"

सोळावाच होता. मी घड्याळ आणि वही घेऊन त्याच मार्गावरच्या साध्या बसमध्ये बसलो आणि थांबे लिहायला लागलो. कागदावरचे थांबे वेगळे आणि खरे वेगळे. रस्त्यात कुणी हात दाखवला की गाडी थांबत होती. एकदा एका शेळीसाठी थांबली, आणि शेळी काही चढली नाही. मी ते सगळं वेळेसकट लिहिलं. शेजारचा म्हातारा बराच वेळ माझ्या वहीत डोकावून पाहत होता. शेवटी त्यानं हळूच विचारलं, "एसटी विकून राहिले का गा?"

उमरेडच्या डेपोत तो कंडक्टर भेटला. तिशीतला, गोलमटोल, बोलका. बाबांची आठवण काढली तर त्यानं आधी कानाला हात लावला. "काकाले कसा विसरीन? अन् काकूले तं बिलकुलच नाही. काका झोपले होते, पण काकू पूर्ण रस्ता त्यायच्यासंग बोलून राहिल्या होत्या. नागपूरचा नाका आला तरी बोलूनच राहिल्या होत्या. मी मनात म्हटलं, काकाची मजा आहे बाप्पा, बाई बोलते अन् हे झोपते."

मला आनंदानं उठून उभं राहावंसं वाटलं. नाक्यापर्यंत आई बोलत होती, म्हणजे नाक्यापर्यंत बाबा होते. नाका महापालिकेच्या हद्दीत. माझ्या वहीप्रमाणे नाक्यानंतर गाडी जिथं जिथं थांबली ते सगळं नागपूर. म्हणजे नोंद नागपूरची आणि दाखला मॅडमकडचा. तीस वर्षांत एवढं नेमकं माप माझ्या हाताला लागलं नव्हतं. मी कंडक्टरला चहा पाजला, त्याच्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या आणि रात्री टेबलावर बसून आईच्या नावानं सुंदर अक्षरात जबाब तयार केला. "माझे पती हे नागपूर शहराचा नाका ओलांडेपर्यंत जिवंत होते व माझ्याशी संभाषण करीत होते." संभाषण हा शब्द बाबांच्या बाबतीत जरा जड होता, पण सरकारी कागदावर चालून जातो.

एकोणिसाव्या दिवशी आईला घेऊन झोन ऑफिसात गेलो. मॅडमनी जबाब वाचला, कंडक्टरच्या ओळी वाचल्या, मान हलवली आणि कागद खिडकीतून आईपुढे सरकवला. "आजी, इथं सही."

आई चौथी शिकलेली. ती बोट ठेवून, ओठ हलवत वाचते. तिनं पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मी मागच्या रांगेकडे पाहून ओशाळं हसत होतो. आईचं बोट नाक्यापाशी येऊन थांबलं.

"हे खोटं आहे," ती म्हणाली.

"आई, कंडक्टरनं सांगितलं. तू बोलत होतीस त्यांच्याशी, नाक्यावरसुद्धा."

"मी बोलून राहिली होती. ते कुठी होते?"

मला काही समजेना. मॅडमनी मात्र चष्मा काढला आणि खिडकीतून पुढे वाकल्या. "मग केव्हा झालं, आजी?"

आईनं पदराची गाठ सोडली. आत एक बोर होतं. वाळून सुरकुतलेलं. तिनं ते खिडकीच्या लाकडी फळीवर ठेवलं.

"वाटेत ते गाव नाही का, जिथं खिडकीपाशी येऊन बोरं विकते, तिथं बोरं घेतले यायनं. गाडी निघाली. दोन खाल्ले. तिसरं हातात घेतलं अन् मान टाकली माह्या खांद्यावर. मले समजलं. एवढे वर्ष संग राहिली, मले समजणार नाही का?"

"मग तू ओरडली का नाहीस?" मी विचारलं. माझा आवाज उगाच चढला.

"ओरडली असती तं गाडी थांबली असती. लोकं जमले असते, अन् मंग उतरवून देलं असतं आम्हाले रस्त्यावर. तिथं मी एकटी का करत होती यायले घेऊन? तिकीट नागपूरचं होतं. तू स्टँडवर उभा राहतो म्हणला होता. मंग बोलत राहिली. बाई बोलून राहिली तं माणसाकडे कोणी पाहत नाही."

"काय बोलत होतीस?"

"जे रोज बोलते तेच. मागच्या दाराची कडी लावली का, इचारलं. घरून निघतानी इचाराचं राहून गेलं होतं. तेच इचारत राहिली."

त्या गावापासून स्टँडपर्यंतचा वेळ माझ्या वहीत लिहिलेला होता. चाळीस मिनिटं. त्यात सात थांबे, एक शेळी, आणि दोन मिनिटं रेल्वे फाटक. मी ते सगळं मोजून आणलं होतं. मी बसच्या कंडक्टरला विचारलं, उमरेडच्या साहेबांना विचारलं, पुस्तकातल्या नियमाला विचारलं. बाबांच्या अगदी शेजारी बसलेल्या माणसाला मात्र विचारलं नव्हतं. विचारलं तर तिला त्रास होईल, असं मी स्वतःला सांगत होतो. खरी गोष्ट अशी, की आईला काही ठाऊक असेल असं मला वाटलंच नव्हतं. मला तिथं, त्या रांगेसमोर, रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"मले कोणी इचारलंच नाही नं," आई मॅडमना म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

मॅडमनी माझा सुंदर अक्षरातला जबाब मधोमध फाडला आणि कोरा कागद घेतला. "बोरं घेतल्यावर गाडी कुठं थांबली, आजी?" आईनं लगेच सांगितलं. पुढच्याच गावाला एक बाई दोन कोंबड्या घेऊन उतरली होती, आणि एक कोंबडी सुटून आईच्या पायाशी आली होती. मॅडमनी आईच्या शब्दांत लिहिलं, आईनं सही केली, आणि त्यांनी मला त्या गावच्या ग्रामपंचायतीत जायला सांगितलं. कंडक्टरलाही घेऊन जा म्हणाल्या. बोर त्यांनी दोन बोटांनी उचलून आईच्या हातात परत दिलं.

विसाव्या दिवशी आम्ही तिघं त्या ग्रामपंचायतीत गेलो. आई, मी, आणि सुट्टी असूनही आलेला कंडक्टर. ग्रामसेवकांनी सगळे कागद दोनदा वाचले. "आमच्या गावात यायचे कोणी नातेवाईक?"

"नाही."

"मंग इथं कसे आले होते?"

"आले नव्हते. दोन मिनिटं थांबले होते," मी म्हणालो.

ग्रामसेवकांनी कंडक्टरकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि रजिस्टर उघडलं. ज्या गावाच्या जमिनीला बाबांचा पाय कधी लागला नाही, त्या गावाच्या शिक्क्याचा दाखला दोन दिवसांनी हातात आला. कंडक्टर सगळ्या वेळात आईशी धड बोलला नाही. निघताना मात्र वाकून तिच्या पाया पडला आणि म्हणाला, "माफ करजा काकू, मी हसलो होतो तुमच्यावर." आई म्हणाली, "हसला म्हणून तं पोचलो न गा."

घर आईच्या नावावर चढायला पुढे महिनाभर लागला. मी आणि बहिणीनं संमतीच्या कागदावर सह्या केल्या. त्या दिवशी रात्री जेवताना मी माझं भाषण पुन्हा करणार होतो. एकटी कशी राहशील, काही झालं तर काय करशील, वगैरे. मुद्दे तयार होते. मी आईच्या ताटाकडे पाहिलं, मग तिच्या उजव्या खांद्याकडे पाहिलं, आणि म्हटलं, "केव्हा जायचं म्हणतेस?"

"उद्याची सकाळची गाडी," आई म्हणाली. बायकोनं मला टेबलाखालून पाय मारला, मी माझा पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

सकाळी तिला स्टँडवर सोडलं. मीही सोबत बसायला चढलो, तर तिनं मला खाली उतरवलं. "अर्धं तिकीट मले आहे, तुले पूर्ण लागते. जा घरी. पोचली का फोन करतो." ती खिडकीपाशी बसली, बाबांच्या जागेवर. गाडी निघून गेली तरी मी तिथंच उभा होतो, कारण उभा राहतो म्हणालो होतो.

दोन तासांनी फोन आला. मागे किल्लीचा आणि दार ढकलल्याचा आवाज येत होता.

"पोचलीस?"

"हाव, पोचली," आई म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही. आई बोलत नाही हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो.

"बाबू," ती म्हणाली, "मागच्या दाराची कडी लावली होती गा त्यायनं."